खुंटीवरच्या चाळण्या

आमच्या घरमालकांनी जागा देताना जात विचारली नाही, पगार विचारला नाही, घरात काय शिजतं हेही विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "चाळणी आहे का?"

आमचे हे तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नवीन लागले होते. मी फर्दापूरकडची, लग्न होऊन नुकतीच शहरात आलेली. औरंगाबाद म्हणायचो तेव्हा. संभाजीनगर पुढं झालं. जागा बेगमपुऱ्यात, पानचक्कीपासून हाकेच्या अंतरावर. मालक कॉलेजातून रिटायर झालेले रसायनशास्त्राचे प्रोफेसर, मुसलमान. टांग्यात बसल्यापासून ह्यांनी मला पढवायला घेतलं होतं. असं विचारलं तर असं सांग, तसं विचारलं तर गप बस, मी बघतो. आणि म्हातारा विचारतोय काय, तर चाळणी!

ह्यांना वाटलं, उसनी पाहिजे असेल. "आहे की! नवीकोरी, लग्नातली," म्हणत ह्यांनी मोठ्या हौसेनं ट्रंकेतून काढून दिली. सरांनी ती उजेडाकडं धरली, कडेवर कोरलेलं माझं नाव आणि 'मामांकडून भेट' हे शांतपणे वाचलं, आणि जाऊन व्हरांड्यातल्या खुंटीला अडकवून टाकली. तिथं आधीच चाळण्यांची ओळच्या ओळ लटकत होती. पितळी काठाच्या, पत्र्याच्या, एक तर चांगली परातीएवढी.

"भगिनी," सर म्हणाले, "आजपासून या गृहात पीठ चाळले जाणार नाही. भाडे पहिल्या आठवड्यात द्यावे. न जमल्यास दुसऱ्या. परंतु चाळणी नाही. आता नखे दाखवा."

आम्ही दोघांनी शाळेतल्या पोरांसारखे हात पुढं केले. त्यांनी माझी नखं दाबून पाहिली, नुसतं "हं" केलं आणि किल्ली दिली.

त्यांच्या त्या मराठीची गंमत सांगायला हवी. सर हैदराबादला उर्दूतून रसायनशास्त्र शिकलेले. ऐन उमेदीत पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि उर्दूत शिकवणाऱ्या माणसाला कोण विचारतो अशी वेळ आली. बरेच जण गाव सोडून गेले. सर गेले नाहीत. त्यांनी शाळेची क्रमिक पुस्तकं आणली आणि पहिलीपासून मराठी वाचायला घेतलं. त्यामुळं त्यांची मराठी धड्यातली मराठी. 'पाणी द्या' असं कधी नाही, 'मला तहान लागली आहे'. मात्र हे सगळं डोकं थंड असेपर्यंत. राग आला की पुस्तक मिटायचं आणि आतली दखनी बाहेर पडायची, "क्या जी, अक्कल है क्या नहीं तुमकू?" गल्लीतल्या बायका तर म्हणायच्याच, सर 'भगिनी' म्हणतायत तोवर भिऊ नका.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या चाची म्हणायचो. चाची ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला फटकळ. सरांबद्दल काही विचारलं की त्या आभाळाकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "पीठ जलाते बैठे हैं अंदर."

ते खरंच पीठ जाळत बसलेले असायचे. कॉलेजनं टाकून दिलेला काचेच्या पेटीतला तराजू त्यांनी घरी आणला होता. मागच्या अंगणात कोळशाची शेगडी, तिच्यावर चिनी मातीची चिमुकली मूस, मुशीत चमचाभर पीठ. ते जळून काळं व्हायचं, मग करडं, आणि शेवटी तळाशी चिमूटभर राख उरायची. राख तोलायची आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरायची. शाळू, बाजरी, नाचणी, खपली गहू, बन्सी गहू, सगळ्यांच्या राखेच्या बाटल्या भिंतीतल्या कोनाड्यात मांडलेल्या. घरी पाहुणा आला की लोक लग्नाचा अल्बम काढतात, सर बाटल्या काढायचे.

"ही पहा, न चाळलेल्या पिठाची राख. आणि ही चाळलेल्या पिठाची. पीठ तेवढेच घेतले होते."

दुसऱ्या बाटलीचा तळसुद्धा झाकलेला नसायचा.

"जे जळले ती ऊर्जा. ती कशातूनही मिळेल. परंतु जे जळत नाही, ते म्हणजे लोह, चुना, जस्त, स्फुरद. ते तुमचे रक्त आहे, तुमची हाडे आहेत. ते धान्याच्या सालीत असते. आणि साल तुम्ही चाळून कोणाला देता?"

याचं उत्तर गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होतं. गोदाकाकूंच्या शेळीला. गोदाकाकू समोरच्या घरात राहायच्या, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतला कोंडा त्यांच्या शेळीला जायचा, निदान त्या तसं सांगायच्या. शेळी कसली, वासरूच होतं ते. सर तिच्यापुढं थांबून, टोपी सारखी करून म्हणायचे, "लोह हिला, चुना हिला, जस्त हिला. आणि बाळंतिणीला काय? पांढरे पीठ!"

गोदाकाकू दाराआडून तोंडाला पदर लावून हसायच्या.

आता तुम्ही म्हणाल, भाडेकरूंचं ठीक आहे, पण बाकी गल्लीनं आपापल्या चाळण्या या माणसाच्या हवाली का केल्या? तर सर गल्लीतल्या पोरांना गणित आणि सायन्स फुकट शिकवायचे. पोरगं मॅट्रिक झालं की आईबाप पेढे घेऊन यायचे, म्हणायचे, सर काहीतरी घ्याच. सर पेढा खायचे आणि म्हणायचे, "फी द्यायची इच्छा असेल तर घरातली चाळणी द्यावी." देणार नाही तर काय करणार? पोरगं पास झालेलं असायचं.

दावतीचा किस्सा तर आजही बेगमपुऱ्यात सांगतात. आमच्याकडं मुसलमानांच्या लग्नात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, जीव की प्राण. नान मैद्याचे. सर शेरवानी घालून, अत्तर लावून दावतीला जायचे, दस्तरखानावर बसायचे, आणि खिशातून रुमालात बांधलेली ज्वारीची भाकरी काढून खलियात बुडवायचे. एकदा नवरीमुलीच्या बापानं हात जोडले. "प्रोफेसरसाब, इज्जत का सवाल है, एक नान तो लो." सरांनी नान घेतला. कौतुकानं उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "सुंदर आहे. याची राख करून पाहीन," आणि दुसऱ्या खिशात घातला. मुलीचा बाप तोंडात मारल्यासारखा उभा. चाची त्यानंतर दावतीत सरांच्या जवळपासही फिरकायच्या नाहीत. त्या बायकांच्या बाजूला बसून आरामात नान खायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात तर कहरच झाला. रेशनवर मिलो यायचा, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. भाकरी थापायला घ्यावी तर फाटायची, भाजली की चिवट, आणि बायका परातीपुढं बसून अक्षरशः रडायच्या. जनावराचं खाणं आपल्या पानात आलं, हे दुःख भुकेपेक्षा मोठं होतं. अशात सरांनी मिलो जाळून राख केली आणि बाटली घेऊन दारोदार फिरले. "ही बोटीतून आली म्हणून हिच्यातले लोह समुद्रात पडले नाही, भगिनी!" गोदाकाकूंनी पहिल्यांदा आवाज चढवला. "मग तुम्हीच खा की सर. आमच्या वाट्याची बी तुम्हीच खा." सरांनी मनावर घेतलं. घरात थोडी शाळू शिल्लक होती ती त्यांनी गोदाकाकूंना देऊन टाकली आणि दुष्काळ सरेपर्यंत रोज मिलोची भाकरी खाल्ली. ती पण व्हरांड्यात बसून, सगळ्यांना दिसेल अशी. चाचींनाही खावी लागली. त्या काय काय बोलल्या असतील ते मी लिहीत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी सरांची सगळ्यात आज्ञाधारक भाडेकरू होते. यात माझा मोठेपणा काही नाही. मला पीठ चाळायचा मुळातच कंटाळा. माहेरी आई ओरडायची म्हणून चाळायचे. इथं मालकच नको म्हणतो म्हणल्यावर मी कशाला कष्ट करू? गिरणीतून पीठ आलं की थेट परातीत. ह्यांनी पहिले काही दिवस तोंड वाकडं केलं, मग सवय झाली. सर माझ्या कोंडाळ भाकरीकडं बघून इतके खूश व्हायचे की चाचींना म्हणायचे, "हिच्याकडून शिक." चाची माझ्याकडं असं बघायच्या की मला हसू आवरायचं नाही.

मग मला दिवस गेले, आणि हसायचे दिवस संपले.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. अंगात रक्तच नाही म्हणाल्या. असंच राहिलं तर बाळंतपण अवघड जाईल, बाळालाही आणि तुलाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या माझ्या पोटात ठरेनात. घेतली की उलटी. जिना चढला की डोळ्यांपुढं अंधारी. आमचे हे कारखान्यातून आले की आधी माझ्या तोंडाकडं बघायचे, मग चपला काढायचे.

सरांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदा हसलेच. "अशक्य! या गल्लीत सर्वाधिक लोह हिच्या ताटात आहे." मग माझी नखं बघितली. एकदा दाबून, परत दाबून. कागदासारखी पांढरी. त्यांचं हसू गेलं.

त्या दिवसापासून सरांना दुसरं काही सुचेना. माझं पीठ नेऊन जाळलं, राख तोलली, तिच्यात कसला अर्क टाकून रंग पाहिला. लोह होतं. भरपूर होतं. मग एके सकाळी ते दारात येऊन उभे राहिले, मागं चाची. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला आपले स्वयंपाकघर पाहावयाचे आहे."

माझ्या लक्षात आलं, हे चाळणी शोधायला आलेत. मी चोरून पीठ चाळते, असं त्यांना वाटतंय! त्यांनी डबे सरकवून पाहिले, फळीवर पाहिलं, जात्यामागं वाकून पाहिलं. एवढी आग झाली माझ्या अंगाची! रक्त नव्हतं अंगात, पण राग कुठून आला कोण जाणे.

"सर," मी म्हणाले, "माझ्या घरात चाळणी निघाली ना, तर आजच्या आज जागा सोडते. वर्षानुवर्षं मी तुमचं ऐकलं. कोंडा खाऊन खाऊन माझ्या घशाला ओरखडे पडले. आणि तुम्ही माझीच झडती घेता?"

चाची मागं भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. सर हळूच पाटावर बसले. मला वाटलं, आता दखनी येणार. पण ते धड्यातलं बोलले नाहीत आणि दखनीतही नाहीत. साध्या माणसासारखं म्हणाले, "मग लोह गेलं कुठं?"

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, खाणं वाढवा. आई फर्दापूरहून मला न्यायला आली, तेव्हा सर व्हरांड्यात बसले होते. आईनं मला बघितलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय गं बाई हे ध्यान! खाती का न्हाय?"

"खाते गं. दोन-दोन भाकरी खाते."

"खाती व्हय? मग अंगी लागंना म्हण की. काहींचं असतंय तसं. खात्यात लई, पर अंगी लागत न्हाय."

आई आपली सहज बोलून हात धुवायला गेली. हे वाक्य तर घरोघरच्या आया रोज बोलतात. पण सर खुर्चीतून उठले, टोपी घातली आणि फाटकातून बाहेर पडले. चाची हाका मारत राहिल्या, "जी, खाना? कहाँ चले जी?"

पुढं बरेच दिवस सर दिवसभर लायब्ररीत असायचे. शेगडी थंड, तराजूवर धूळ. संध्याकाळी मान खाली घालून यायचे, कुणाची नखं बघायचे नाहीत, शेळीपुढंही थांबायचे नाहीत. गोदाकाकू मला म्हणाल्या, "सरांना दृष्ट लागली वो." आई मला न्यायचं म्हणत होती, तर चाचींनी आईच्या हाताला धरून सांगितलं, "थोडे दिन रुको जी. ये कुछ ढूंढ रहे हैं. इसके वास्तेच ढूंढ रहे हैं."

एका दुपारी दार वाजलं. दारात सर. एका हातात माझी चाळणी, मामांनी दिलेली. दुसऱ्या हातात एक लिंबू.

"ही आपली चाळणी," ते म्हणाले. "मी परत करायला आलो आहे."

मी चाळणी हातात घेतली.

"कोंड्यात लोह आहे. ते मी खोटं सांगितलं नाही. पण त्याच कोंड्यात अजून एक द्रव्य आहे. ते लोहाला धरून बसतं. सोडत नाही. आतड्यातून जसंच्या तसं बाहेर नेतं. जस्तालाही तसंच, चुन्यालाही. माझ्या राखेत ते दिसत नव्हतं, कारण आगीत ते आधीच मोडून जातं. पोटात आग नसते." त्यांनी लिंबू मुठीत घट्ट धरलं. "आणि हे जगाला ठाऊक होतं, बेटी. मी जवान होतो तेव्हापासून पुस्तकात होतं. मी वाचलं नाही. मी जाळत बसलो."

एवढ्या वर्षांत ते मला पहिल्यांदा बेटी म्हणाले. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"आणि हे लिंबू कशाला, सर?"

"आंबट असलं की ती मिठी सुटते. लिंबू पिळ. अंबाडीची भाजी खा, पेरू खा, आवळा खा. पीठ रात्री ताकात भिजव. मूग, मटकीला मोड आण. मग लोह मोकळं होतं. अंगी लागतं." हा शेवटचा शब्द त्यांनी माझ्या आईकडं बघून उच्चारला. आई घाबरून पदर सावरायला लागली. तिला काय माहीत तिनं काय केलं होतं.

मी पाट सरकवून म्हणाले, "बसा ना सर. चहा टाकते."

"चहा नक्को!" सर एकदम ओरडले. "चहा पण लोह को अडाता! जेवणापाशी चहा बंद!"

"चाळणी परत दिलीत, आता कपबशा नेता का?" माझ्या तोंडून निघून गेलं. आई मला चिमटा काढायला धावली. सर मात्र हसले नाहीत. त्यांच्या मनात पुढचं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुंट्यांवरच्या सगळ्या चाळण्या उतरवल्या, दोरीत ओवल्या, दोरी खांद्यावर टाकली आणि गल्लीत निघाले. खणखणाट ऐकून बायकांना वाटलं भांडीवाला आला. एक-दोघी जुने कपडे घेऊन बाहेरही आल्या. मी आणि आई फाटकात उभ्या. चाची कपाळाला हात लावून ओट्यावर बसल्या. त्यांना पुढचं दिसत होतं. आम्हांला नव्हतं.

पहिलं घर गोदाकाकूंचं. सर दारात उभे राहिले, घसा साफ केला, आणि धड्यातली सगळी मराठी गोळा करून म्हणाले, "भगिनी, मी आपला अपराधी आहे. माझ्या अज्ञानामुळे आपल्या कुटुंबाची हानी झाली. आपली वस्तू स्वीकारावी."

"अगं बाई, कशाचा अपराध सर!" गोदाकाकू लगबगीनं बाहेर आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. आणि त्यांच्या मागं, उघड्या दारातून, परातीवर ठेवलेली चाळणी. अर्धं पीठ चाळलेलं, अर्धं तसंच. शेजारी शेळीसाठी कोंड्याचं टोपलं.

सर त्या चाळणीकडं बघत राहिले. गोदाकाकूंनी मागं वळून बघितलं आणि त्यांचं तोंड असं झालं की विचारू नका.

"ही... ही आपली जुनीच व्हती एक," त्या म्हणाल्या.

जुनी कसली! पुढच्या घरात ती गोधडीखालून निघाली. त्याच्या पुढच्या घरी पिंपामागून. एकीनं देव्हाऱ्यामागं ठेवली होती, का तर सर तिथं हात घालणार नाहीत. कोपऱ्यावरच्या घरात तर 'राहू द्या सर, आहे आमच्याकडं' असं त्या बाईच्या तोंडातून निघून गेलं आणि मग तिनं जीभ चावली. सरांच्या डोळ्याला डोळा कोण देईना. दिलेल्या चाळणीच्या जागी सगळ्या घरांनी गुपचूप नवी आणली होती. सर गल्लीत शिरले की ती लपायची, सर गेले की निघायची. शेळी काय उगाच एवढी माजली होती! आम्ही रोज तिच्याकडं बघत होतो आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दोरी खांद्यावर तशीच घेऊन सर घरी आले. ओट्यावरून चाची उठल्या, आत गेल्या, आणि बाहेर आल्या त्या हातात एक चाळणी घेऊनच. काठ झिजलेला, वर उर्दूत त्यांचं माहेरचं नाव.

"तुम भी?" सर म्हणाले.

"शादी से," चाची म्हणाल्या. "मेरेकू कोंडे की रोटी नहीं उतरती जी. क्या करूँ?"

मला वाटलं, आता या माणसाचं काळीज फुटणार. साऱ्या आयुष्याची मेहनत, आणि घरातल्या बाईनंसुद्धा ऐकलं नव्हतं. सर खाली बसले. खांदे हलायला लागले. आई मला म्हणाली, "रडत्यात गं." पण ते रडत नव्हते. ते हसत होते. टोपी काढून गुडघ्यावर आपटत हसत होते.

"अल्लाह का शुकर! किसीने नहीं सुना! किसीका नुकसान नहीं हुआ! एकाचंही नाही!"

आम्ही सगळ्याच हसायला लागलो. गोदाकाकू पिठाच्या हातांनी डोळे पुसत होत्या. मग सरांची नजर माझ्यावर आली, माझ्या पोटावर आली, आणि त्यांचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"तूने सुना," ते म्हणाले. "सगळ्या गल्लीत एकट्या तूच माझं ऐकलंस."

आळसामुळं ऐकलं, हे मी तेव्हा सांगितलं नाही. त्यांच्या तोंडाकडं बघून धीरच झाला नाही.

त्या दिवसापासून माझं बाळंतपण हे सरांचं काम झालं. जेवायच्या वेळेला खिडकीत लिंबाची फोड हजर. अंबाडीच्या जुड्या ते स्वतः मंडईतून आणायचे. जेवणानंतर आम्ही चहा करतो का हे बघायला व्हरांड्यात नाक वर करून बसायचे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्याही बदलून दिल्या, त्या पोटात ठरायला लागल्या. आता श्रेय गोळ्यांचं का लिंबाचं ते वरच्यालाच ठाऊक. पण रक्त चढलं. जिना चढताना अंधारी येईनाशी झाली. आणि वेळेवर, सुखरूप, मला मुलगी झाली.

सर बघायला आले तेव्हा बाळाचं तोंड कुणासारखं आहे, रंग कसा आहे, याच्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिची एवढीएवढीशी मूठ उलगडली, चष्मा कपाळावर नेला आणि नखं पाहिली.

"गुलाबी," ते म्हणाले. मग बाहेर जाऊन अंगणात, शेगडीच्या जागी, लिंबाचं रोप लावलं.

गल्लीवर पुन्हा सत्ता गाजवायला त्यांनी फार दिवस लावले नाहीत म्हणा. नवा फतवा निघाला: कोंडा टाकू नका, पण तो नुसता खाऊ नका, बरोबर लिंबू घ्या. चाळण्या मात्र त्यांनी परत कुणाकडं मागितल्या नाहीत. लिंबाचं झाड मोठं झालं, तसे सर सकाळी टोपलीत लिंबं घेऊन दारोदार वाटत फिरायचे. बायका लिंबं घ्यायच्या, लोणचं घालायच्या, आणि पीठ चाळायच्या.

माझी मुलगी मॅट्रिकला होती त्या वर्षी, हिवाळ्यात, सर गेले. पहाटेची नमाज झाली, व्हरांड्यात येऊन बसले, आणि बसल्या बसल्याच. 

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या घरांतून जेवण जातं. ही रीत त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही. मी भाकरी-पिठलं घेऊन गेले. गोदाकाकूही आल्या, कोपऱ्यावरची आली, देव्हाऱ्यामागं लपवणारी आली. सगळ्यांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. चाचींनी पहाटेपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. कुणीतरी त्यांच्या पुढ्यात भाकरी ठेवली. त्यांनी तुकडा मोडला नाही, नुसता हात फिरवला. मग दुसरीवर फिरवला. मग सगळी फडकी सोडायला लावली आणि प्रत्येक भाकरी बोटांनी चाचपून पाहिली.

कोंडा होता. सगळ्या भाकरींत होता. आम्ही एकमेकींना काही बोललो नव्हतो, विचारलं नव्हतं. त्या दिवशी गल्लीत एकाही घरात चाळणी निघाली नव्हती.

"आज सुने," चाची म्हणाल्या. "आज सुने तुम लोगां."

गोदाकाकूंना हुंदका आवरेना. मग आम्हां कुणालाच आवरेना. चाची मात्र भाकरीकडं बघत होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि एकदम, अगदी नेहमीच्या फटकळ आवाजात विचारलं, "और लिंबू? लिंबू किधर है? वो रहते तो चिल्लाते नहीं क्या?"

आम्ही साऱ्याजणी एकदम उठलो आणि अंगणात धावलो. झाड लिंबांनी लगडलेलं होतं. ओंजळी भरून आणली, चिरली, भाकरीवर फोड ठेवली. मग चाची जेवल्या.